बैलांना न पटलेलं गाणं

ही गोष्ट मी सांगू नये असं काकूनं मला बजावलेलं आहे. आमच्याकडे गाण्यावरून माणसांचे दोन तट आहेत, आणि ही गोष्ट ऐकली की दोन्हीकडची माणसं तोंड फिरवतात. म्हणून हळूच सांगते. गावाचं नाव घेत नाही.

फार वर्षांमागे त्या गावात विहिरी सात होत्या आणि गाणं एकच. मोटेचं गाणं.

मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची भलीमोठी पिशवी. तिला बांधलेल्या जाड दोराला नाडा म्हणत. बैलजोडी उतारावरून खाली चालत गेली की नाडा ओढला जाई, भरलेली मोट वर येई आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात पाणी ओती. मग बैलांनी मागं मागं पावलं टाकत उतार चढायचा, की मोट पुन्हा विहिरीत. मोट हाकणारा मोटकरी बैलांमागं ताणलेल्या नाड्यावर, दोर घट्ट धरून बसे. इतर गावांत मोटकरी हातात चाबूक ठेवत. या गावात चाबूक नव्हता. इथले बैल गाण्यावर चालत. कडवं सुरू झालं की ते पुढं निघत. कडव्याच्या शेवटी ‘ये गं बाई येऽऽ’ असा एक लांब सूर लागे, तोवर ते उताराच्या टोकाला थांबून राहत. सूर सुटला की मागं.

गावात सगळ्यांत जुना मोटकरी रखमाजी. त्याला सगळे आबा म्हणत. त्याचे बैल लाख्या आणि बाशा. आबाची बहीण ठकूआत्या मळ्यात खोरं घेऊन उभी असे आणि पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवी.

आबाचा पुतण्या हैबती लहानपणी विहिरीपासून दूर, आंब्याच्या सावलीत बसून हे गाणं ऐकायचा. त्याचा आवाज गोड होता. पण आबानं त्याला नाड्यावर कधी बसू दिलं नाही. “गळा चांगला आहे तुझा, पण हात लोण्याचे आहेत,” आबा म्हणे. हैबतीला ते लागे. अठराव्या वर्षी तो गाणं घेऊन राजाच्या शहरात गेला.

दरबारात पहिल्या दिवशी त्यानं गाणं होतं तसं गायलं. कडव्यांना लोकांनी माना डोलावल्या. लांब सूर लागला तेव्हा मात्र एका सरदारानं जांभई दिली आणि दुसऱ्यानं पानाचा डबा उघडला. हैबतीनं गाताना दोन्ही पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तो सूर काढून टाकला आणि त्या जागी ढोलकी ठेवली. शब्दही बदलले. पूर्वी गाण्यात विहिरीतला सोन्याचा मासा होता, आता तिथं पैंजण घातलेली पाण्याची राणी आली. सरदारांनी टाळ्या वाजवल्या. सात वर्षांत ते गाणं लग्नात, वरातीत, बाजारात सगळीकडे वाजू लागलं. येत्या दसऱ्याला राजा हैबतीला कायमचा दरबारी गवई करणार होता.

ही बातमी गावात पोचली आणि पाटील घोड्यावर बसून थेट दरबारात गेले.

पाटलांना जुन्या गाण्याची चौऱ्याऐंशी कडवी पाठ होती. संध्याकाळी ओसरीवर बसून ते ती म्हणत, आणि कुणी एक शब्द इकडचा तिकडे केला तर त्याला पहिल्यापासून म्हणायला लावत. ते राजाला म्हणाले, “महाराज, हा मुलगा जे गातो ते मोटेचं गाणं नव्हे. त्यात ना मोट आहे, ना माती. आमच्या वाडवडिलांचं गाणं यानं बाटवलं.”

“गाणं काय लोणचं आहे का पाटील, मुरत ठेवायला?” हैबती म्हणाला. “तुमचं गाणं तुमच्या ओसरीबाहेर कुणी ऐकत नाही. माझं सगळा मुलूख गातो.”

दोघांचं ऐकून राजाला कुणाचंच खोटं वाटेना. तो म्हणाला, “गाणं मोटेचं आहे ना? मग मोटेवरच बघू. पाच वाफे हैबतीचे, पाच पाटलांचे. दुपारपर्यंत ज्याचे भिजतील त्याचं गाणं खरं. हैबती, वाफे कोरडे राहिले तर गवयाचं पद मिळणार नाही.”

हैबती हसला. गाणंच तर गायचं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी राजा आबाच्या मळ्यात आला. आंब्याखाली त्याची बैठक मांडली. गाव जमलं. हैबती जरीचा फेटा बांधून, ढोलकीवाल्याला घेऊन आला. आबानं बैल जुंपून दिले आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला.

ढोलकी कडाडली. हैबतीनं काठावर उभं राहून गाणं सुरू केलं. बैलांनी कान टवकारले, एकमेकांकडे पाहिलं आणि ते चालू लागले. मोट वर आली. पाणी थारोळ्यात पडू लागलं न लागलं तोच कडवं संपलं. लांब सूर आलाच नाही. काम संपलं असं समजून बैल मागं फिरले. अर्धी भरलेली मोट तशीच विहिरीत उतरू लागली. तेवढ्यात पुढचं कडवं सुरू झालं, तसे बैल अर्ध्या उतारावरूनच पुन्हा पुढं निघाले. मोट पाण्याला टेकलीही नव्हती.

लोक मात्र ताल धरून डोलत होते. गाणं झकास चाललं होतं.

मळ्याच्या टोकाकडून ठकूआत्याचा आवाज आला, “अरे, वरात कधी पोचणार? इथं वाफ्यात मुंगीसुद्धा भिजली नाही.”

लोक हसले. हैबतीनं आवाज चढवला. ढोलकीवाल्यानंही चढवला. बैल आणखी गोंधळले. तासाभरात एकच वाफा भिजला, तोही अर्धा. जरीच्या फेट्याखालून घाम गळत होता. हैबती बैलांवर ओरडला तेव्हा बाशानं शेपटी हलवली, पाऊल हलवलं नाही.

“आता खरं गाणं ऐका,” म्हणत पाटील पुढं आले.

पाटलांनी पहिलं कडवं म्हटलं. एक शब्द चुकला नाही. सोन्याचा मासा जिथल्या तिथं होता. बैल चालले, मोट वर आली, पाणी ओतलं गेलं. म्हाताऱ्या माणसांनी डोळे मिटले. मग पाटलांनी लांब सूर लावला, आणि तो सोडेनात. ओसरीवर ते त्यात सात हेलकावे घेत, इथंही त्यांनी सातही घेतले. मोट कधीच रिकामी झाली होती. ती काठावर लोंबत राहिली. सूर सुटल्याशिवाय बैल मागं येईनात. चौथ्या हेलकाव्याला लाख्या खाली बसला आणि रवंथ करू लागला.

“पाटील,” ठकूआत्या म्हणाली, “बैल झोपवायचा असंल तर गोठ्यात नेऊन झोपवा. तिथं गवत तरी आहे.”

पाटील रागावले, पण थांबले नाहीत. चौऱ्याऐंशी कडव्यांतली नऊ म्हणून होईपर्यंत त्यांचाही एकच वाफा झाला.

राजा कंटाळला. त्यानं आबाला बोलावलं. “तू रोज भिजवतोस ना? तू गा. खरं गाणं कोणतं ते तरी कळू दे.”

आबा नाड्यावर बसला आणि गाऊ लागला:

“राजाच्या फेट्याला माशी बसली,
हसू नका बैलांनो, वेळ नाही असली,
ये गं बाई येऽऽ”

राजानं नकळत फेट्याला हात लावला. मोट वर आली. आबाचा सूर लागला आणि पाणी पडत होतं तेवढाच वेळ राहिला, ना कमी ना जास्त. शेवटची धार पडली, सूर सुटला, बैल मागं फिरले. पाटात पाणी खळाळलं.

“हे शब्द कोणते?” पाटील म्हणाले. “हे आपल्या गाण्यात नाहीत.”

“आत्ता सुचले,” आबा म्हणाला.

“आणि सोन्याचा मासा?”

“तो माझ्या बापाला सुचला होता. एका वर्षी विहिरीत मासे सोडले होते तेव्हा. त्याच्या आधी आजा सावकाराला शिव्या घालायचा. त्या तुमच्या पाठांतरात नाहीत, कारण तुमच्या आजीनं त्या गाळल्या.”

लोक पुन्हा हसले. हैबती हसला नाही. तो थारोळ्याकडे बघत होता. अठरा वर्षं आंब्याखाली त्यानं हे गाणं ऐकलं होतं आणि सात वर्षं शहरात गायलं होतं. तो लांब सूर म्हणजे जुन्या माणसांची दम दाखवायची हौस असंच त्याला वाटत आलं होतं. थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आंब्यापर्यंत येतच नव्हता.

राजाला हैबती आवडत होता. दसऱ्याला त्याचंच गाणं व्हावं असं त्याच्या मनात होतं. त्यानं त्याला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, “दोष तुझा नाही, बैलांचा आहे. माझ्या तळावरची बैलजोडी मागवतो. ती चाबकावर चालते. माझा माणूस हाकील, तू काठावर बसून गा. अजून वेळ आहे. वाफे भिजतील आणि पद तुझं होईल.”

हैबतीनं सूर्याकडे पाहिलं. खरंच वेळ होता. तळ जवळच होता. कुणी काही म्हटलंही नसतं, कारण अटीत चाबकाचं नाव नव्हतं.



“महाराज,” तो म्हणाला, “मग मी गायलो काय आणि न गायलो काय, मोट येणारच.”

“तेच तर. सोपं झालं ना?”

“हो. म्हणून नको.”

तो वळला, फेटा काढून आंब्याच्या फांदीला अडकवला आणि आबापुढं जाऊन उभा राहिला. “आबा, नाड्यावर बसायला शिकव.”

आबानं त्याच्या हातांकडे पाहिलं. “सोलतील.”

“सोलू देत.”

“बस मग. माझ्याकडं बघू नको, बैलांकडं बघू नको. मोट तुझ्या पाठीमागं रिकामी होते, ती दिसायची नाही. कान मागं ठेव. पाण्याचा आवाज जाड असतो, मग पातळ होतो. पातळ झाला की सूर सोड. शब्द तुझे तू बघ.”

पहिल्या खेपेला हैबतीनं सूर लवकर सोडला. दुसऱ्या खेपेला उशिरा. तिसऱ्या खेपेला ढोलकीच्या आवाजात पाणी ऐकूच येईना, तेव्हा त्यानं हात वर करून ढोलकी थांबवली. चौथ्या, पाचव्या, सहाव्या खेपेला कधी जमलं, कधी नाही. तळहातांची साल निघाली. दहाव्या की अकराव्या खेपेला पैंजण घातलेली पाण्याची राणी वर आली, ‘ये गं बाई येऽऽ’ म्हणताना हैबतीला मागून पाणी ऐकू आलं, जाड, मग पातळ, आणि त्यानं सूर सोडला. बैल त्याच क्षणी मागं फिरले.

“आलं,” ठकूआत्या म्हणाली आणि खोऱ्यानं पाट वळवला.

पण तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. हैबतीच्या पाच वाफ्यांपैकी दोनच भिजले होते, पाटलांचा एक. राजा उठला. “अट ती अट,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थोडं वाईट वाटत होतं इतकंच. “दरबाराला सूर एवढा वेळ ऐकायची सवय नाही, हैबती. तुला पद देऊन मी काय करू?”

“खरं आहे, महाराज,” हैबती म्हणाला. “दरबारात ओतायला पाणी नाही.”

राजाची पालखी निघाली. पाटील तिच्यामागून थोडं अंतर चालत गेले आणि चौऱ्याऐंशी कडव्यांची वही राजाला दाखवायची राहिली म्हणून परत फिरले, तोवर पालखी दूर गेली होती. गाव पांगलं. ढोलकीवाल्याची गाडी पालखीबरोबर जाणार होती, पण तो गेला नाही. सात वर्षं त्यानं एकच ताल वाजवला होता. तो विहिरीजवळ येऊन बसला आणि त्यानं विचारलं, “मी नेमका कुठं थांबू?”

“मला विचारू नको,” हैबती म्हणाला. “मागं ऐक.”

उरलेले वाफे संध्याकाळपर्यंत भिजले. ते बघायला कुणी नव्हतं.

पुढं शहरात तेच आखूड गाणं वाजत राहिलं आणि लोक त्यावर नाचत राहिले. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही, पण त्यावर कधी मिरचीचं एक रोपही जगलं नाही. गावात पाटील ओसरीवर जुनी कडवी म्हणत राहिले. सातही विहिरींवर मात्र हैबतीचे शब्द आले, ढोलकी आली, दर वर्षी नवी कडवी आली. फक्त त्या लांब सुराच्या जागी ढोलकी गप्प बसे आणि सगळे मिळून पाणी ऐकत.

तात्पर्य: शब्द बदलले, वाद्यं बदलली, म्हणून गाणं मुळापासून तुटत नाही; ते ज्या कामासाठी जन्मलं त्या कामाकडे कान देणं सोडलं की तुटतं. आणि जुनं तेच खरं म्हणणाऱ्यांनीसुद्धा एकदा नाड्यावर बसून हात सोलून घ्यावेत, कारण नुसतं पाठ केलेलं गाणं म्हणजे... हो काकू, आले, कुणाशी नाही बोलत, नुसती वहीत काहीतरी