येसाईचं ताट

फार वर्षांपूर्वी, माणसांना फारशी घाई नव्हती आणि तळ्यावरचा आवाज गावाच्या शिवेपर्यंत ऐकू जायचा, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावीच. मोठ्यांनीही ऐकावी, आपल्याला सगळं कळतं हे घटकाभर विसरून.

नदीकाठच्या एका गावात येसाई नावाची भोईण राहायची. गावाच्या खालच्या अंगाला तिचं मासे पाळायचं तळं होतं. तिचं आणि तिचा मुलगा रखमाजी याचं पोट त्या तळ्यावरच चालायचं. रोज सकाळी पाण्यावर ऊन आलं की येसाई काठावरच्या दगडावर बसायची, पितळी ताटावर लाकडी पळीने तीन ठोके द्यायची आणि कोंडा-पेंडीचे गोळे पाण्यात सोडायची. तिसऱ्या ठोक्याला पाणी काळं व्हायचं, इतके मासे काठाशी जमायचे. गावातल्या बाया त्या आवाजावर चूल पेटवायच्या. काय सकाळी होत्या त्या, आठवलं की अजून जीव हळहळतो.

मासे धरायच्या दिवशी मात्र येसाई ताटाला हात लावत नसे. त्या दिवशी पलीकडच्या काठाला चिखलात उतरायचं, जाळं ओढायचं आणि मिळतील तेवढे घ्यायचे. दिवसभर राबून टोपलीभर मासे मिळायचे. रखमाजी कुरकुरला की ती एवढंच म्हणायची, "ताट त्यांच्या पोटासाठी हाय बाबा. जाळ्यासाठी न्हाई."

एका वर्षी नदीला महापूर आला. तळ्याचा बांध पाण्याखाली गेला आणि नदी, तळं, भातखाचरं सगळं एक झालं. मासे गेले वाटेल तिकडे. रखमाजी डोक्याला हात लावून बसला. येसाईने मात्र सकाळ झाल्यावर ताट घेतलं आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून ठोके दिले. पाणी उतरेपर्यंत रोज दिले. आणि खाचरांतून, ओहोळांतून मासे परत येत राहिले. बांध उघडा पडला तेव्हा निम्म्याहून अधिक मासे घरी आले होते.

पुढच्या वर्षी राजवाड्यात लग्न निघालं. मुदपाकखान्याचा कारभारी गावात आला आणि दुपारच्या आत दहा टोपल्या मासे हवेत म्हणाला. जाळं ओढत बसलं तर दहा टोपल्यांना दहा दिवस लागले असते. येसाई ओढ्यावर गेली होती. रखमाजीने खुंटीवरचं ताट काढलं, दगडावर बसून तीन ठोके दिले आणि काळ्या झालेल्या पाण्यावर जाळं टाकलं.

दहा टोपल्या चुटकीसरशी भरल्या. येसाई परतली तेव्हा तो आनंदाने सांगू लागला. ती टोपल्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दहा टोपल्या मिळाल्या, पण ताट गेलं." रखमाजी हसला. ताट तर त्याच्या हातातच होतं.

दुसऱ्या दिवशी ताट वाजलं आणि पाणी हललं नाही. गोळे विरून गेले. उरलेले मासे पुढे खायचे, पण सगळं सामसूम झाल्यावर, लपूनछपून.

आणि त्याच वर्षी पावसाळ्यात पुन्हा पूर आला.

रखमाजी सकाळपासून पाण्यात उभा राहून ताट वाजवत होता. दोन खाचरांपलीकडे त्याला माशांच्या पाठी स्वच्छ दिसत होत्या. ठोका पडला की त्या पाठी थबकायच्या, वळायच्या आणि नदीकडे निघायच्या. हात भरून आले तेव्हा त्याने ताट आईपुढे धरलं. "आये, तू वाजव. तुझं ऐकतील त्ये."

येसाईने वाजवलं. तोच ठोका, तीच पळी, तोच हात. मासे वळले आणि दूर गेले.

"त्यांना हात दिसत न्हाई रे," ती म्हणाली, "नुसता आवाज ऐकू येतो."

पूर ओसरला तेव्हा तळ्यात चिखल होता आणि चार बेडूक. रखमाजीने दोन वर्षं दुसऱ्यांची जाळी ओढली. मग बोटाएवढी पिल्लं आणून तळ्यात सोडली आणि रोज सकाळी दगडावर बसून ताट वाजवू लागला. मासे धरायचे तर पलीकडच्या काठाला जाऊन, चिखलात उतरूनच धरायचा. पिल्लं भित्री होती, तोही घाई करत नव्हता. असे कितीतरी पावसाळे गेले.

एका सकाळी तिसऱ्या ठोक्याला पाणी काळं झालं. गावात चुली पेटल्या. रखमाजी आईला सांगायला वळला, आणि मग त्याला आठवलं की ती जाऊन दोन वर्षं झाली.

बोध: ज्या हाकेवर कुणी विश्वासाने धावून येतं, त्या हाकेने एकदा जरी फसवलं, तरी संकटाच्या दिवशी ती हाक कुणी ऐकत नाही.