एक माळ चालावे, एक माळ बसावे

खडकुंबे हे गाव नदीकाठी असले, तरी तिथे माती म्हणावी तर ओंजळभर नाही. सगळा मुरूम आणि खडक. अशा गावात निवांतनाथ महाराज येऊन राहिले. त्यांनी मठ बांधला तो चार साध्या भिंतींचा, आणि दारात एक काळा दगड आणवून ठेवला. गुडघ्याएवढा उंच, वरून सपाट, आणि चार गड्यांनाही सहज न हलणारा. दर्शनाला येणाऱ्याने आधी त्या दगडावर बसून दम खायचा, मगच आत यायचे, असा महाराजांचा दंडक होता. देवाला घाई नाही, मग तुम्हाला कशाला, असे ते हसत म्हणत.

त्या दगडावर सर्वांत जास्त वेळ कोण बसत असेल, तर चिमाबाई साळीण. चौदा वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून ती घसरली. हाड मोडले नाही, पण कंबरेत जे दुखणे शिरले ते मुक्कामालाच राहिले. कंबरेतून कळ निघे ती पायाच्या करंगळीपर्यंत जाई. वैदू झाले, लेप झाले, शेकून शेकून कातडी काळी पडली. भुईवर बसले तर उठता येईना, उभे राहिले तर पाय बधिर होई. बाहेरून बघणाऱ्याला मात्र बाई धडधाकट दिसे. अशा दुखण्याचे हेच मोठे दुःख, की ते दाखवता येत नाही.

आता दर चैत्रात खडकुंब्याहून नदीच्या पाण्याची कावड निघते आणि सहा कोसांवर भवरेश्वराच्या डोंगरावर जाते. शुद्ध द्वादशीच्या सकाळी त्या पाण्याने महादेवाला स्नान घालतात. कावडीचा नेम कडक आहे. पाणी भरल्यापासून डोंगर चढेपर्यंत ती भुईला टेकता कामा नये. चिमाबाईचा नवरा येमाजी याने बारा वर्षे कावडीबरोबर आपल्या घरचे गडूभर पाणी पायी नेण्याचा नवस बोलला होता. अकरा वर्षे त्याने नवस पाळला आणि तो वारला. पोटी मूलबाळ नव्हते. बारावा गडू आता चिमाबाईनेच न्यायचा होता, नाहीतर नवस अर्धा राहणार होता. बैलगाडीचा एक हिसका बसला तरी तिला ब्रह्मांड आठवे, आणि कावडीबरोबर चालायचे तर कावड एका दिवसात पाच कोस तोडते.

कावडीचे मानकरी हैबतराव पाटील. गडी उंच, खांदा बैलासारखा, आणि त्याचा गर्वही तेवढाच. चिमाबाईने मठाच्या दारात त्यांना विनवले, की तिच्यासाठी कावड वाटेत थोडी थोडी थांबवावी. पाटील दगडावर पाय ठेवून वहाणेचा बंद आवळत होते.

"साळीणबाई, घरात बसून कण्हायचं सोडून यात्रा कसली करता? तुमच्या चालीनं गेलो तर देवाला पुढच्या चैत्रात अंघोळ होईल."

बरोबरचे लोक हसले. पाटलांनी पाय काढला, तेव्हा वहाणेच्या खिळ्यांनी दगडावर पांढरा, वाकडा ओरखडा उठला होता. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. यंदा आपण खांदा न बदलता एकट्याने कावड डोंगराच्या पायथ्याशी नेणार, असे सांगत ते निघून गेले.

चिमाबाई आत गेली आणि महाराजांपुढे उभ्यानेच रडली. एवढे दुखणे काढून घ्या, मग पुन्हा काही मागणार नाही, असे ती म्हणाली.

महाराजांनी तिचे रडणे ओसरू दिले. मग म्हणाले, "माय, ते काढून घेणं माझ्या हाती असतं तर तू चौदा वर्षं दारात बसली नसतीस. पण वाट सोपी करता येते. कावडीच्या सहा दिवस आधी निघ. एक माळ जपत चालायचं, एक माळ जपत बसायचं. दुखायला लागल्यावर बसू नको, दुखायच्या आधी बस."

"महाराज, त्या काळ्या रानात बसायचं कशावर? भुईवर बसले तर मला कोण उठवणार?"

"तू माळ संपव. बसायचं माझ्याकडं लागलं."

चिमाबाईने गळ्यात गडू बांधला, कोंड्याची पुरचुंडी शेकायला घेतली आणि ती निघाली. नदीकाठचा मुरूम संपला की काळ्या मातीचे सपाट रान लागते. तिथे झाड नाही, बांध नाही. पण एकशे आठवा मणी हातात आला, की वाटेच्या कडेला गुडघ्याएवढा दगड असे. ती बसे, दुसरी माळ ओढे, उठे. भोळी बाई! तिला वाटले, या वाटेला असे दगड असतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला इतके हलके वाटले, की ती चार माळा न थांबता चालली. दगड दिसत होते. आज नको, म्हणून ती पुढे गेली. दुपारी कंबर अशी धरली, की एका शेतातल्या खोपीत तिला तो आणि पुढचा दिवस पडून काढावा लागला. खोपीतल्या बाईने कोंडा तापवून दिला. चिमाबाईला स्वतःचाच राग आला. गेलेला दिवस परत मिळणार नव्हता आणि द्वादशी थांबणार नव्हती. चौथ्या दिवशी ती उठली आणि त्यानंतर कितीही बरे वाटले तरी तिने माळ मोडली नाही.

एकादशीला पहाटे कावड निघाली. भर उन्हात मंडळी रानाच्या तोंडाशी वडाखाली थांबली आणि कावड फांदीला टांगू म्हणाली. पाटील थांबेनात. ते एकटेच पुढे गेले. कोस-दीड कोस गेल्यावर मागे कोणी दिसेना, आणि तिथेच त्यांच्या पाठीत उसण भरली.

काय अवस्था झाली असेल! पुढे पाऊल पडेना. वाकले तर घागरी भुईला लागणार, नेम मोडणार, साऱ्या गावाचे वर्ष वाया जाणार. हाक मारावी तर श्वास पुरेना. घामाने डोळे मिटत होते. ज्याला कधी काटा बोचल्याचे ठाऊक नव्हते, तो माणूस त्या उन्हात उभ्या उभ्या रडला.

"पाटील, आणखी वीस पावलं. पुढं दगड हाय," मागून कोणी म्हणाले. चिमाबाई होती. पाटील लांब ढांगा टाकत आले तेव्हा ती वाटेकडेच्या दगडावर बसली होती. मान ताठ असल्याने त्यांनी तिला पाहिलेही नव्हते. ते पुढे गेल्यावर ती उठून चालू लागली होती, आणि तिची चालायची माळ आता संपत आली होती.

"इथं दगड कुठला, बाई? ही जमीन माझी आहे. इथं गोफणीला खडा मिळत नाही."

पण कसेबसे पाय ओढत ते वीस पावले गेले, तर दगड होता. चिमाबाईने दांडी सावरली, पाटलांनी एक घागर दगडावर टेकवली, मग दुसरी, आणि ते तिथेच मातीत आडवे झाले. तिने कोंड्याची पुरचुंडी उन्हात तापवून त्यांच्या पाठीखाली सारली. ती एक शब्दही टोचून बोलली नाही. कळ जरा उतरली तेव्हा पाटलांची नजर दगडाच्या कडेवर गेली. तिथे पांढरा, वाकडा ओरखडा होता. खिळ्याच्या वहाणेचा.

पाटील हातावर जोर देऊन उठले. कावड खांद्यावर घेऊन ते चिमाबाईच्या मागून निघाले. एक माळ चालले, आणि पुढे दगड होता. तोच ओरखडा होता. त्यांनी कण्हत मागे वळून पाहिले. मागे सपाट रान होते.

संध्याकाळी मंडळी येऊन मिळाली. पाटलांनी कावड मुकाट्याने दुसऱ्याच्या खांद्यावर दिली आणि एवढेच सांगितले, की चिमाबाई पोहोचल्याशिवाय कावड डोंगर चढणार नाही. द्वादशीला सूर्य वर आला तरी सगळे गाव पायथ्याशी उभे होते. ती पायऱ्यांवर बसत बसत वर गेली, तिच्यामागे कावड. त्या वर्षी भवरेश्वरावर पहिले पाणी पडले ते येमाजी साळ्याच्या गडूतले.

परतीला पाटील दरवर्षीसारखे घोड्यावर बसले नाहीत. ते चिमाबाईच्या चालीने सहा दिवसांनी खडकुंब्याला पोहोचले. मठाच्या दारात दगड जागच्या जागी होता. सेवेकरी लिंबाजी सांगू लागला, की महाराज इतके दिवस ध्यानाच्या खोलीतून बाहेर पडले नाहीत, पण रोज त्यांचे पाय धुताना काळी माती निघे, आणि खांदा तर सोलवटून गेला आहे. खडकुंब्यात काळी माती आली कुठून, हे त्याला कळत नव्हते.

महाराज बाहेर आले. चिमाबाईकडे बघून म्हणाले, "माय, दुसऱ्या दिवशी माझ्या तीन खेपा फुकट घालवल्यास."

चिमाबाईला तेव्हा उमगले, आणि तिने तोंडाला पदर लावला. हैबतराव पुढे झाले. पायांवर पडावे म्हणून वाकू लागले, तोच पाठीत कळ आली आणि ते अर्ध्यात अडकले. महाराजांनी त्यांचा दंड धरला.

"पाटील, घाई नको. आधी बसा."

पाटलांनी वहाणा काढून दूर ठेवल्या. धोतराच्या सोग्याने त्यांनी ओरखड्यावरची धूळ पुसली आणि ते दगडावर बसले. चिमाबाईने आपली माळ त्यांच्या हातात दिली. साऱ्या गावादेखत पाटलांनी एकशे आठ मणी ओढले, आणि मग सावकाश उठून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.