अर्ध्या चेहऱ्याची आवडी

फार फार वर्षांपूर्वी, सावरशेतची शाळा चावडीतल्या एका खोलीत भरायची तेव्हाची ही गोष्ट. गावात आवडी नावाची मुलगी होती. जन्मली तीच अर्धा चेहरा काळा घेऊन, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मधोमध रेघ ओढल्यासारखा. आईने पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही, असं गाव म्हणे. गावाला काय, आईलाच नावं ठेवायची. म्हातारा भगत तर पुढचंही सांगायचा. ग्रहणाने अर्धाच घास घेतलाय, उरलेला न्यायला ते एक दिवस येईल, आणि तेव्हा जो तिच्याजवळ असेल त्यालाही नेईल.

हे ऐकून तिच्याजवळ कोण बसणार? मुलं पलीकडच्या भिंतीला चिकटून बसायची आणि आवडी एकटी दारापाशी. खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त भ्यायची ती आवडीच. सूर्याआड साधा ढग आला तरी ती घराकडे पळत सुटायची.

त्या काळी पाट्या लाकडाच्या. अमावास्येला धडे नसत. मुलं कोळसा कुटून पाल्याच्या रसात खलायची, पाट्यांना फासायची आणि वाळत ठेवायची. अशाच एका अमावास्येला, भर दुपारी, ऊन पिवळं पडलं. कावळे झाडांवर परतले. पंचांगात त्या दिवशी ग्रहण नव्हतंच, असं म्हणतात. मास्तरांनी घाईने दार लावून कडी घातली.

म्हादू मुलांत सगळ्यांत थोराड. तो रडवेला होऊन म्हणाला, "आवडे, तू भाईर जा. ते तुझ्यासाठी आलंय."

मास्तर त्याला रागावले, पण तेही भिंतीकडे सरकले. आवडी उठली. नुकती काळी केलेली आपली पाटी तिने गोदीपुढे ठेवली. शाळेत मुली दोनच, आणि या गोदीने वर्षभरात तिच्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं.

"तुझी चिरलीय ना? ही वाळली की घे," एवढंच आवडी बोलली आणि तिने कडीला हात घातला.

गोदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडाला काळं फासणं म्हणजे केवढी बेअब्रू, पण तिने खललेल्या कोळशाच्या वाटीत हात बुडवला, आपला अर्धा चेहरा माखला आणि आवडीला ओढून शेजारी बसवलं. म्हणाली, "आता वळखू दे त्याला." मग म्हादूने माखला, मग बाकीच्यांनी. शेवटी मास्तरांनी, पागोटं काढून ठेवून.

तेवढ्यात कडी आपोआप निघाली आणि ग्रहणाची सावली आत आली. असं म्हणतात, की ती ओल्या घोंगडीसारखी गार आणि जड होती. एकेका तोंडापाशी थांबून ती हुंगत होती. मग तिने विचारलं, "यातली आवडी कोण?"

"मी," गोदी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी," म्हादू म्हणाला. मी, मी करत पाळी मास्तरांपर्यंत आली, आणि त्यात आवडीचा स्वतःचा 'मी' कोणता, ते सावलीला काही कळलं नाही. ती रिकाम्या हाती गेली. बाहेर लख्ख ऊन पडलं.

सगळ्यांनी विहिरीवर तोंडं धुतली. म्हादूचा एक कान मात्र जन्मभर काळा राहिला, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा. दुसऱ्या दिवशी दारापाशी कोण बसणार यावरून मुलांत मारामारी झाली.

आवडी नातवंडं-पतवंडं पाहून गेली. सावरशेतच्या शाळेत आजही ग्रहण आलं की मुलं एकमेकांचा अर्धा चेहरा कोळशाने रंगवतात. मास्तर दारात उभे राहून विचारतात, "आवडी कोण?" नवं आलेलं पोर बिचकतं. मग शेजारचं कुणीतरी त्याचा हात धरतं, आणि सगळ्यांबरोबर तेही म्हणतं, "मी."