दोन दारांचं टपाल

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा टपाल माणसाच्या पायांनी चालत येई, आणि पत्राचं उत्तर हाती पडेपर्यंत लिहिणाऱ्याला आपण काय विचारलं होतं तेही आठवत नसे.

नदीकाठच्या एका गावात दोर वळणारं एक जोडपं होतं. तो अंबाडी भिजवून तिचा वाख सोलून काढी, ती त्याला पीळ देई. विहिरींचे, गाड्यांचे, होड्यांचे दोर त्यांच्या अंगणातून दूरदूर जात. तिच्या हातचा दोर कधी तुटला नव्हता. गावात मान वर करून चालायला तिला तेवढं पुरत होतं.

संसार मात्र जमला नाही. का, ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. शेवटी पंच बसले. जत्रा झाली की काडी मोडायची आणि दोघांनी मोकळं व्हायचं, असं ठरलं. ती वरच्या आळीत राहायला गेली. म्हशी वाटल्या, भांडी वाटली, पाटा एकाला आणि वरवंटा दुसऱ्याला देण्यापर्यंत मजल गेली. राहिलं फक्त टपाल. जे अजून आलंच नव्हतं, ते वाटणार कसं?

तो म्हणाला, "गिऱ्हाइकं मी जोडली."

ती म्हणाली, "माझ्या पिळामुळे ती टिकली."

मग रोजची मौज सुरू झाली. हरकाऱ्याच्या काठीचे घुंगरू लांबून ऐकू आले, की ही दोन मोठी माणसं कामं टाकून वेशीकडे धावत सुटायची. एकदा ओढाताणीत एक पत्र मधोमध फाटलं. तेव्हा पंच वैतागून म्हणाले, "एक खेप त्याची, पुढची खेप तिची. विषय संपला." पंचांचे विषय असेच संपतात.

त्या महिन्यात पहिली खेप त्याची होती. पुढची खेप आली तेव्हा हरकाऱ्याने तिच्या हातात एक पत्र ठेवलं. चार कोसांवर नदी ओलांडायच्या उतारावरच्या नावाड्याचं. तिथे नदीवर आरपार दोर बांधलेला असे आणि तो धरून नाव ओढत नेत. नावाड्याने लिहिलं होतं: लांबी मागच्या पत्रात कळवलीच आहे. जाडी नेहमीची. जुना दोर भरवशाचा राहिला नाही, तेव्हा जत्रेच्या आधी नवा पाठवा.

"वहिनी, मागचं पत्र त्यांच्याकडे गेलंय," हरकारा म्हणाला. "एकदा विचारून घ्या."

"त्यांच्या दारात मी पाय ठेवायची नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या उतारावर दोनशे हातच दोर जातो. त्यात नवं काय लिहिलं असणार?"

बोलली खरी, पण मनात पाल चुकचुकली. दोर वळताना दोनदा तिचे हात थांबले. एकदा तर ती पदर सावरून खालच्या आळीच्या तोंडापर्यंत गेली. तिथे तिला त्याचं दार दिसलं, आणि ती तशीच परत फिरली. दोनशे हात दोर तिने असा वळला की त्यात बोट शिरायला जागा नव्हती. जत्रेच्या आदल्या दिवशी तो उतारावर पोचला.

जत्रा उलटून चार दिवस झाले आणि नावाडी स्वतः गावात आला. त्याच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. पंच पारावर जमले, दोघांना बोलावणं गेलं.

"पुराने काठ ढासळला, नदी रुंद झाली," नावाडी म्हणाला. "मी दोनशे चाळीस हात मागवले होते. आले दोनशे. जत्रा दुसऱ्या दिवशीच, म्हणून जुन्या दोराचा तुकडा जोडून गाठ मारली. भर पात्रात गाठ सुटली."

ती चटकन म्हणाली, "म्हणजे माझा दोर तुटला नाही."

"नाही बाई. तुमचा दोर अजून धड आहे. तो हाताला गुंडाळून मी नाव धरून ठेवली, ती काठाकडे येऊन लोक उथळ पाण्यात उतरेपर्यंत. नावेत एकतीस माणसं होती. माणसं वाचली. तीन बोटं गेली."

नवऱ्याने पागोट्यातून पत्र काढून पंचांपुढे ठेवलं. "चाळीस हात वाढवायचे, हे मला ठाऊक होतं," तो खाली बघत म्हणाला. "तिचं काम चाललेलं दिसत होतं. वाटलं, गरज असेल तर येईल विचारायला."

"आणि मला वाटलं, काही असेल तर सांगून पाठवतील," ती म्हणाली.

नावाडी दोघांकडे बघत राहिला. "मी त्यांना वेगळं आणि तुम्हाला वेगळं लिहिलं नव्हतं हो. दोर वळणाऱ्यांना लिहिलं होतं. तुमचं बिनसलंय, हे मला त्या काठावर कुठून कळणार?"

तिला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. आपला दोर तुटला नाही, हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं, याची तिला सर्वांत जास्त लाज वाटली. ती उठली आणि पंचांना म्हणाली, "काडी मोडायची ती मोडाच. पण टपाल आजपासून कोणाच्याच दारात नको. इथे, पारावर, दोघांच्या देखत उघडा. आणि सगळ्या गिऱ्हाइकांना कळवा, की आता घरं दोन झाली आहेत. ज्याला ज्याच्याकडून दोर हवा, त्याने तसं लिहावं."

नवऱ्याने मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट असावी.

त्यानंतर दोनशे चाळीस हातांचा दोर झाला. वाख त्याचा, पीळ तिचा. दोर पोचल्याचा निरोप आला, त्या दिवशी पंचांनी काडी मोडली.

पुढे घुंगरू वाजले की दोघं आपापल्या आळीतून चालत येत आणि पाराच्या दोन टोकांना बसत. धावत कोणी येत नसे. नावाड्याची पत्रं येतच राहिली, पण आता ती डाव्या हाताने लिहिलेली असत. पंच ती अक्षरं लावून लावून वाचत, आणि तेवढा वेळ ती दोघं मान खाली घालून ऐकत.

तात्पर्य: आलेलं पत्र हाती पडणाऱ्याच्या मालकीचं नसतं, ज्याने विश्वासाने लिहिलं, त्याचं काम होईपर्यंत ते त्याचंच असतं.