सगळ्याच गाड्या वाजतात

डोंगरवाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्यसेविका हेमलता ढेरे यांनी हौसेनं छोटी एसयूव्ही घेतली. महिन्यातच ब्रेक दाबला की करकर आवाज येऊ लागला. घाट उतरताना त्यांचा जीव मुठीत असे. शोरूमला तीन खेपा झाल्या, पण दाद लागेना.

चौथ्या खेपेला मॅनेजर जहागीरदार सगळ्यांसमोर हसले. "मॅडम, या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या वाजतात. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

तीच गाडी बुक करायला आलेलं एक जोडपं शेजारी बसलं होतं. हेमलताबाई त्यांना म्हणाल्या, "चला, माझ्या गाडीतून चक्कर मारू. साहेब म्हणतात, तुमचीही अशीच वाजणार."

जोडपं उठलं. जहागीरदार आडवे धावले. "अहो, थांबा! हा दोष फक्त यांच्याच गाडीत आहे!"

"मग काढा की," हेमलताबाई म्हणाल्या.

संध्याकाळी नवे ब्रेक बसवलेली गाडी घाट उतरली, तेव्हा आत फक्त हेमलताबाईंचं गुणगुणणं ऐकू येत होतं.