महाराजांनी वाचवलेल्या दोन घटका

उन्हाळा लागला आणि भुजंगराव महाराजांनी फर्मान काढलं, की उद्यापासून सकाळचा टोला दोन घटका आधी पडेल. लोक लवकर उठतील, तेवढा उजेड वाचेल. फर्मान कोंबड्यांनाही लागू होतं. तीन कोंबडे जुन्या सवयीने तांबडं फुटल्यावरच आरवले, ते चावडीत अडकून पडले.

आठ दिवसांनी महाराजांच्या मनात आलं, वाचलेला वेळ गेला कुठे? राजवाड्यात घटका मोजायचं काम लिंबाजीचं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तो पाण्याच्या घंगाळात सोडायचा. ती भरून बुडाली की एक घटका झाली. त्यालाच बोलावणं गेलं.

"वाचलेल्या दोन घटका उद्या दरबारात हजर कर," महाराज म्हणाले. "नाहीतर तू चोरल्यास असं समजू आणि कोंबड्यांशेजारी बसवू."

बिचारा घरी आला, तो भाकरीला शिवेना. त्याची मुलगी येसू म्हणाली, "बाबा, तुम्ही भाकर खा. घटका मी नेते."

दुसऱ्या दिवशी ती घंगाळ आणि वाटी घेऊन दरबारात उभी राहिली.

"आणल्यास?"

"आणल्या की, सरकार. अगदी ताज्या. फक्त टोला असाच ठेवायचा की पूर्वीसारखा करायचा, तेवढं दरबाराने ठरवावं. ठरलं की लगेच देते." असं म्हणून तिने वाटी पाण्यात सोडली.

"असाच ठेवा," प्रधानजी म्हणाले.

"पूर्वीसारखा करा," सेनापती गरजले. "माझे घोडे झोपेत चालतात."

"घोड्यांना काय कळतं किती वाजले ते?"

"प्रधानांपेक्षा बरं कळतं!"

मग काय विचारता! राजवैद्य उठले, राजज्योतिषी उठले. सूर्यालाच ताकीद द्यावी, असंही एकाने सुचवलं. मधेच वाटी बुडाली. येसूने ती काढून पुन्हा सोडली, पण कुणाचं लक्षच नव्हतं. वाटी दुसऱ्यांदा बुडाली तसा तिने घंगाळावरच टोला दिला. सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. ठरलं काहीच नव्हतं.

"पुरे झालं," महाराज वैतागून म्हणाले. "माझ्या दोन घटका दे आधी."

"आता कुठून देऊ, सरकार? भरदिवसा, तुमच्या डोळ्यांदेखत दरबाराने खाल्ल्या. ही बघा वाटी, दोनदा बुडाली."

महाराजांनी प्रधानांकडे पाहिलं, सेनापतींकडे पाहिलं, मग घंगाळाच्या तळाशी पडलेल्या वाटीकडे पाहिलं आणि पागोटं घसरेपर्यंत हसले. टोला पूर्वीसारखा झाला, कोंबडे सुटले, लिंबाजीची चाकरी कायम झाली. येसूला सोन्याची वाटी मिळाली, तीही बिनभोकाची.