सीट रिकामी?

"स्क्रू पार बाहेर आलाय, उस्ताद. मग हे इंजिन चालतंय कशाच्या जोरावर?"

उदयन सरनोबतनं तो बोटाच्या पेराएवढा स्क्रू दस्तगीर मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर धरला.

मिस्त्रींनी स्क्रूकडं बघितलं नाही. गाडीकडंही नाही. ते स्टोव्हवरच्या चहाकडं बघत होते.

"उतू जाईल," म्हणाले.

मी शेजारचा लेथवाला. दुपारी चारच्या चहाला मिस्त्रींच्या शेडमध्ये मी असतोच, म्हणून हे माझ्यासमोर घडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात या माणसाला ओळखत नाही असा कारखानदार नाही. पण शेडवर नावाची पाटी म्हणाल, तर ती त्यांनी कधी लावली नाही.

गाडी दोन सीटची, बुटकी, लाल रंगाची. जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. बॉनेट उघडं, दार उघडं, आणि इंजिन जागच्या जागी भणभणत होतं.

गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरच्या पेडलवर पाय नसताना इंजिनानं जेवढं फिरायचं, त्याला आयडलिंग म्हणतात. ते या गाडीत मिनिटाला नऊशे फेऱ्यांवर हवं. काटा पंधराशेवर होता. इंजिन तेवढं फिरतं ठेवणारा स्क्रू उदयनच्या हातात होता, तरीही पंधराशेवर.

"केबल नवी घातली. कार्ब्युरेटर उघडून दोनदा साफ केला. आठ दिवस ट्यूनिंगच्या मशिनवर होती. पुण्यातल्या तिघांनी हात टेकले."

"म्हणून आलास."

"म्हणून आलो."

याच शेडमध्ये उदयननं सहा वर्षं पाने पुसले होते. मग पुण्याला गेला, काचेच्या केबिनचं गॅरेज काढलं, आणि गुरूपेक्षा चेला सवाई हे स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं. नऊ वर्षांत एकदा म्हणून या शेडकडं फिरकला नव्हता. गरज पडली की माणसाला रस्ता बरोबर आठवतो.

मिस्त्रींनी बशीत चहा ओतला आणि एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवला. ही त्यांची जुनी रीत. चहा हलला नाही तर गाडी पास, आणि तो चहा मिस्त्री पितात.

चहा थरथरला. काठावरून सांडला.

"कुणाची गाडी?"

"धैर्यशीलची."

मला कप खाली ठेवावा लागला.

धैर्यशील हा उदयनचा धाकटा भाऊ. चौदा महिन्यांपूर्वी घाटातल्या एका वळणावर हीच गाडी दरीत गेली आणि तो गेला. गाव म्हणालं, हौशी पोरगं, मस्ती नडली. वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याचा फोटो भिंतीवर लावूच दिला नाही. 'जिवंतपणी माझं ऐकलं नाही, आता भिंतीवरून काय ऐकणार आहे,' असं म्हणाले होते. ते ऐकून त्या घरात चहा घेणंही जड गेलं होतं मला.

गाडी उदयननं वर काढली आणि वर्षभर खपून उभी केली.

"कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"त्याचा जीव होता हिच्यावर."

मिस्त्री उठले. बॉनेटपाशी गेले. वाकले. आणि शेडच्या पत्र्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"सीट रिकामी?"

हा त्यांचा रिवाज. आयडलिंगच्या स्क्रूला हात लावण्याआधी उस्तादानं विचारायचं, आणि शागिर्दानं ड्रायव्हरच्या बाजूला वाकून बघून सांगायचं, 'रिकामी, उस्ताद.' कारण पुढं माणूस बसला की त्याचा पाय नकळत पेडलवर टेकतो. त्या पायासकट स्क्रू बसवला तर आकडा बरोबर दिसतो, आणि पाय निघाला की इंजिन मरतं.

उदयन हसला. "उस्ताद, दार सताड उघडं आहे. दिसतंय की."

"सीट रिकामी?"

"...आता कोण असणार आहे तिथं?"

"वाकून बघ आन् सांग."

उदयन वाकला.

वाकलेलाच राहिला.

सवयीनं मीही डोकावलो. सीट रिकामी होती. पण खाली पेडल वर नव्हतं. लेथवर आयुष्य गेलंय, मापात माझा डोळा चुकत नाही. पेडल चांगलं दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली दाबलेलं होतं.

"केबल अडकली असेल," उदयन म्हणाला. त्यानं पेडलखाली दोन बोटं घातली आणि वर ढकललं.

हललं नाही.

त्यानं जोर लावला.

इंजिन सोळाशेवर गेलं.

उदयननं हात असा काढला की कोपर दाराला लागलं. खोटं कशाला सांगू, माझी नजर शेडच्या दाराकडं गेली होती.

मिस्त्री जागचे हलले नाहीत.

"त्या दिशी इचारलं हुतंस?"

"कुठल्या दिवशी?"

इंजिन भणभणत होतं. बशीतला चहा सांडत होता.

"उस्ताद..."

मिस्त्रींनी स्टोव्ह विझवला.

"घाटात जायच्या आदल्या दिवशी आयडलिंग मीच लावलं." उदयन गाडीकडं बघून बोलत होता. "मशिनवर लावलं. तो आत बसून गप्पा मारत होता. मी त्याला उतर म्हणालो नाही. विचारलंही नाही. पुण्यात असं ओरडून कोण विचारतंय? कामगारांसमोर लाज वाटायची मला."

"आकडा?"

"नऊशे. बरोब्बर नऊशे."

"पायासकट."

"पायासकट..." त्यानं स्क्रू मुठीत दाबला. "गाडी वर काढल्यावर स्क्रू बघितला. दोन आटे कमी होता. वळणावर त्यानं पाय काढला असणार, इंजिन मेलं असणार. इंजिन मेलं की या गाडीचा ब्रेक दगड होतो, उस्ताद. त्यानं मस्ती केलीच नव्हती."

"आबास्नी म्हाईत हाय?"

उदयननं नकारार्थी मान हलवली.

मला त्याचा भयंकर राग आला. आपल्या हातची चूक मेलेल्या भावाच्या नावावर ठेवून हा चौदा महिने पाने फिरवत बसला होता, आणि तिकडं पोराचा फोटो कपाटामागं तोंड लपवून उभा होता. काहीतरी लागट बोलणार होतो. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि शब्द गिळले.

"उस्ताद, स्क्रू तुमच्या हातानं लावा," उदयन म्हणाला. "तुम्ही लावला तर काटा उतरेल. एवढं करा. याच्यापुढं तुमच्याकडं काही मागणार नाही."

मिस्त्रींनी त्याच्याकडून स्क्रू घेतला. फुंकर मारली, लुंगीला पुसला. मग उदयनचा हात ओढून स्क्रू परत त्याच्याच तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

"ह्यो धर."

"आणि?"

मिस्त्री स्टुलावर जाऊन बसले. बिडी काढली. पेटवली नाही.

उदयननं दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला.

"आबा... मी उदयन. उस्तादांकडं आहे... नाही, गाडी ठीक आहे. आबा, ऐका. मध्ये बोलू नका, नाहीतर मला पुन्हा जमणार नाही."

त्यानं सगळं सांगितलं. मशिन सांगितलं, नऊशे सांगितलं, दोन आटे सांगितले. मी त्याच्याकडं बघत नव्हतो. काट्याकडं बघत होतो.

चौदाशे.

"तुम्ही त्याला शिव्या घालत होता तेव्हा मी शेजारी बसलो होतो, आबा."

बाराशे.

"त्याची काहीच चूक नव्हती. माझी होती. मी एक शब्द विचारायचा होता, तो विचारला नाही."

हजार... आणि मग काटा अगदी सावकाश, कुणी जपून उतरवावा तसा, नऊशेवर येऊन थांबला.

आवाज एवढा खाली आला की फोनमधलं पलीकडचं मलाही ऐकू येऊ लागलं. पण पलीकडं काहीच नव्हतं. नुसता एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास.

मग आबा बोलले. "फोटो कपाटामागं हाय. पुसून लावतो."

आणि थोड्या वेळानं, "गाडी घिऊन घरला ये."

उदयन ओक्साबोक्शी रडला. रडू दिलं आम्ही. बशीत राहिलेला चहा आरशासारखा स्थिर होता. मिस्त्री उठले, बशी उचलली आणि एका घोटात प्याले. गाडी पास.

मीही सुटकेचा श्वास सोडला. एका बापाला त्याचं पोरगं परत मिळालं होतं, एवढं तरी झालं.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं.

स्क्रू तर उदयनच्या मुठीत होता.

स्क्रू नसला की आयडलिंग पडतं. नऊशे नाही, पाचशेसुद्धा टिकत नाही. ठोके खाऊन इंजिनानं केव्हाच मरायला हवं होतं. आणि हे तर एका लयीत, बिनतक्रार, नऊशेवर चाललेलं.

मी पेडलकडं बघितलं. आता ते दोन सूत खाली नव्हतं.

केसभर खाली होतं.

मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण त्यांनाही दिसलं होतं. किंवा मला वाटतं, त्यांना आधीपासूनच दिसत होतं.

उदयननं बाहीनं तोंड पुसलं. बॉनेट खाली घेतलं. स्क्रू लावायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही, आणि मिस्त्रींनी आठवण करून दिली नाही. तो वळसा घालून उजवीकडं आला. ड्रायव्हरचं दार अजून उघडंच होतं. त्यानं आत टाकायला पाय उचलला.

मिस्त्रींनी ते दार हळूच लावून घेतलं. तेलानं काळा झालेला पंजा त्यावर ठेवला.

"उस्ताद? घरी जायचंय मला. आबा वाट बघतायत."

"जा की."

"मग...?"

"तू डावीकडं बस."